मेंदूच्या घातक गाठींवरील कायनेजरोधक उपचार

‘वाढ’, ‘दुभंग’ असे निरोप पेशीच्या आत पोहोचवणाऱ्या एंझाइमांना कायनेज म्हणतात. ती औषधाने बंद पाडून गाठीची वाढ रोखणे म्हणजे कायनेजरोधक उपचार. कायनेज एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतला फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनावर चढवते, की ते प्रथिन कामाला लागते. सोलापूरच्या यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपसूक थांबतो. कर्कपेशीत थांबण्याची ही सोयच बिघडलेली असते. बहुतेक कायनेजरोधक औषधे कायनेजवरची एटीपीची जागा अडवून बसतात.

२००१ मध्ये इमॅटिनिब हे असे औषध एका रक्तकर्करोगावर मान्य झाले आणि रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले. साहजिकच ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या घातक गाठीकडे लक्ष गेले. शस्त्रक्रिया, शेक (किरणोपचार) आणि टेमोझोलोमाइड हे केमोचे औषध देऊनही या गाठीचे निम्मे रुग्ण सुमारे १५ महिन्यांत दगावतात. जवळपास ४० टक्के गाठींत ईजीएफआर या कायनेजच्या जनुकाच्या प्रती बेसुमार वाढलेल्या असतात. तरीही फुफ्फुसाच्या कर्करोगात गुण देणारी एर्लोटिनिब आणि जेफिटिनिब इथे हरली. फुफ्फुसात बिघाड कायनेजच्या गाभ्यात असतो, ग्लायोब्लास्टोमात बहुधा पेशीबाहेरच्या भागात. त्यामुळे औषध नीट बसत नाही. मेंदूतल्या केशवाहिन्यांची भिंत घट्ट असते आणि तिच्यातले पंप आत शिरलेले औषध परत रक्तात फेकतात. शिवाय एकाच गाठीत शेजारच्या पेशी वेगवेगळ्या कायनेजवर चालतात. पीटेन हे लगाम घालणारे प्रथिन हरवले असेल, तर वर ईजीएफआरपाशी अडवलेला निरोपही खाली पेशीत सुरूच राहतो.

जिथे वाढ एकाच चुकीवर उभी असते, तिथे मात्र यश मिळाले आहे. लहान मुलांच्या मंदगती ग्लायोमात, म्हणजे मेंदूच्या हळू वाढणाऱ्या गाठीत, बीआरएएफ या कायनेजच्या जनुकात व्ही६००ई नावाचा बदल असेल, तर डाब्राफेनिब व ट्रामेटिनिब ही कायनेजरोधक जोडी देतात. अमेरिकेत तिला २०२३ मध्ये यासाठी मान्यता मिळाली. म्हणून औषधाआधी गाठीची जनुकीय तपासणी लागते.

सोलापूर जिल्ह्यात कर्करोग म्हटले की बार्शी आठवते. तिथे नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे, आणि १९८७ पासून चाललेली बार्शीची नोंदणी ही भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. गाठ काढल्यावर तिचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपतात. पॅथॉलॉजीवाले त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. पुढची जनुकीय तपासणी याच ब्लॉकवर होते, मग ती मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत का असेना. म्हणून नातेवाइकांनी रिपोर्टसोबत ब्लॉकही जरूर मागावा.