कानाच्या बाजूची रिकामी जागा : रॉक अल्बमचा सराउंड मिक्स कसा पारखावा

सराउंड मिक्स म्हणजे श्रोत्याच्या पुढेमागे ठेवलेल्या अनेक स्पीकरांत अल्बममधले आवाज वाटून केलेली मांडणी. तिचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास ऐकू येतो. मैफलीत वादक समोर असतात, आपल्या पाठीमागे कोणी गिटार वाजवत नाही, मग मागे स्पीकर ठेवण्याचे प्रयोजन काय? याच्या अगदी उलट समजही तितकाच रुजलेला आहे : मागच्या स्पीकरमधून जितके जास्त आवाज येतील, तितका मिक्स सरस. मला हे दोन्ही समज चुकीचे वाटतात, आणि ते का चुकीचे आहेत हे अभिरुचीच्या वादात शिरण्यापूर्वी कानाच्या कामकाजाकडे पाहून ठरवता येते.

पहिल्या आक्षेपाचे निरसन सोपे आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बहुतेक स्टुडिओ-अल्बम ही मैफलीची नोंद राहिलेली नाही. ड्रम एका दिवशी, बास गिटार दुसऱ्या दिवशी आणि गायन आणखी काही आठवड्यांनी ध्वनिमुद्रित होते. एकच गायक स्वतःच्या आवाजाला तीन सुरांत साथ देतो. जी मैफल कधी झालीच नाही, तिच्यात कोण कुठे बसले होते हा प्रश्न उद्भवत नाही. काही रॉक कलावंतांनी ही मोकळीक फार लवकर ओळखली होती. मे १९६७ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये पिंक फ्लॉइड या बँडने ‘ॲझिमथ को-ऑर्डिनेटर’ नावाचे उपकरण वापरले. त्याची दांडी फिरवली की वाद्याचा आवाज श्रोत्यांभोवतीच्या स्पीकरांतून फिरू लागे. त्यांच्या १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बममध्ये एकाच वेळी वाजणारी जी घड्याळे ऐकू येतात, ती ॲलन पार्सन्स या ध्वनिअभियंत्याने जुन्या वस्तूंच्या दुकानात एकेक करून मुद्रित केली होती, आणि तीही मुळात चार स्पीकरांच्या क्वाड्राफोनिक पद्धतीचे प्रात्यक्षिक म्हणून. त्या अल्बमचा क्वाड्राफोनिक मिक्स पार्सन्स यांनीच केला. २००३ साली जेम्स गथ्री यांनी त्याचा ५.१ चॅनलचा, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक वेगळा चॅनल अशा मांडणीचा, मिक्स केला. ध्वनिमुद्रण तेच, पण आवाजांना जागा देणारी माणसे दोन आणि स्पीकरांच्या मांडण्याही दोन. सराउंड मिक्स हे स्वतंत्र सर्जनाचे काम आहे हे यातून दिसते, आणि म्हणूनच त्याचे स्वतंत्र मूल्यमापनही व्हायला हवे.

दुसऱ्या समजाला उत्तर देण्यासाठी मात्र कानाकडे वळावे लागते.

आवाज कोणत्या दिशेने आला हे मेंदू कसे ओळखतो, याचा पाया लॉर्ड रॅले या भौतिकशास्त्रज्ञाने १९०७ साली घातला. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानात आधी पोहोचतो आणि उजव्या कानात किंचित उशिरा. शिवाय मध्ये डोके आडवे येत असल्याने उजव्या कानात तो थोडा क्षीण होतो. मंद्र स्वरांसाठी मेंदू मुख्यतः वेळेतल्या फरकावर भिस्त ठेवतो आणि तार स्वरांसाठी तीव्रतेतल्या फरकावर. हा वेळेतला फरक अतिशय सूक्ष्म असतो. डोके गोल मानून आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून हिशेब केला, तर बरोबर बाजूने, म्हणजे ९० अंशांवरून आलेल्या आवाजासाठी तो सुमारे ०.६५ मिलिसेकंद येतो. हीच कमाल मर्यादा. आवाज ३० अंशांवरून आला तर फरक ०.२६ मिलिसेकंदांच्या आसपास असतो, आणि समोरून किंवा थेट पाठीमागून आला तर शून्य.

आता दोन स्पीकरांच्या स्टिरिओकडे पाहू. दोन्ही स्पीकरमधून एकच गायन समान पातळीवर आले तर गायक बरोबर मध्यभागी उभा असल्याचा भास होतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. या भासाला आभासी स्रोत म्हणतात. डावा स्पीकर थोडा मोठा केला की हा स्रोत डावीकडे सरकतो. पण इथे क्षणभर थांबले पाहिजे, कारण आपण केवळ आवाजाची पातळी बदलली, वेळ बदललीच नाही. आणि मंद्र स्वरांसाठी मेंदू तर वेळेवर विसंबून असतो. मग स्रोत सरकला कसा? याचे उत्तर ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने स्टिरिओच्या पेटंटसाठी १९३१ साली केलेल्या अर्जातच होते, आणि ध्वनिशास्त्रातल्या ज्या कल्पना मला सर्वांत सुंदर वाटतात त्यांत ती फार वर आहे.

स्पीकर ऐकताना प्रत्येक कान दोन्ही स्पीकर ऐकतो. डाव्या कानात डाव्या स्पीकरची लहर आधी येते आणि उजव्या स्पीकरची पाव मिलिसेकंदाने नंतर. या दोन संथ लहरी कानात मिसळून एकच लहर तयार होते, आणि तिचा माथा दोन मूळ लहरींच्या माथ्यांच्या मध्ये, पण बलवान लहरीच्या अधिक जवळ पडतो. डावा स्पीकर मोठा असेल तर डाव्या कानात बलवान लहर आधी आलेली असते, म्हणून तिथे माथा लवकर येतो. उजव्या कानात तीच बलवान लहर उशिरा आलेली असते, म्हणून तिथे माथा उशिरा येतो. अशा रीतीने स्पीकरांच्या पातळीतला फरक दोन कानांपाशी पोहोचेपर्यंत वेळेच्या फरकात रूपांतरित होतो. खऱ्या स्रोताने जी खूण मेंदूला दिली असती, जवळपास तीच खूण हवेतल्या दोन लहरींची बेरीज देते.

या युक्तीला एक अट आहे : एक स्पीकर नाकाच्या डाव्या बाजूला आणि दुसरा उजव्या बाजूला असला पाहिजे. सराउंड मिक्सची खरी कसोटी इथे सुरू होते. ५.१ च्या प्रमाणित मांडणीत एक स्पीकर समोर, दोन ३० अंशांवर आणि मागचे दोन साधारण ११० अंशांवर असतात. समजा, मिक्स करणाऱ्याला एक गिटार श्रोत्याच्या बरोबर डाव्या कानाशी ठेवायची आहे. तिथे स्पीकर नाही, म्हणून तो ती डाव्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही स्पीकरांत वाटतो आणि स्टिरिओप्रमाणे आभासी स्रोत तयार होईल अशी अपेक्षा करतो. पण ३० अंशांवरचा स्पीकर दोन कानांमध्ये ०.२६ मिलिसेकंदांचा फरक निर्माण करतो, आणि ११० अंशांवरचा सुमारे ०.५५ मिलिसेकंदांचा. दोघांच्या मिश्रणातून येणारा फरक या दोन आकड्यांच्या दरम्यान कुठेतरी पडतो. खऱ्या बाजूच्या स्रोतासाठी लागणारे ०.६५ मिलिसेकंद त्यातून मिळू शकत नाहीत, कारण दोन आकड्यांची सरासरी त्यांतल्या मोठ्या आकड्याच्या पुढे जात नाही. त्यात भर म्हणजे ११० अंशांवरचा आवाज आणि ७० अंशांवरचा आवाज यांच्यात वेळेचा फरक जवळपास सारखाच असतो; पुढचा कोणता आणि मागचा कोणता हे मेंदू बाह्यकर्णाने तार स्वरांवर उमटवलेल्या ठशावरून ओळखतो. इथे तर दोन वेगळ्या दिशांचे ठसे एकमेकांवर पडलेले असतात, आणि दोन लहरींच्या व्यतिकरणामुळे, म्हणजे त्या एकमेकींना वाढवत किंवा काटत असल्यामुळे, काही हजार हर्ट्झच्या भागात आवाज क्षीण करणारे खळगेही पडलेले असतात. मेंदूला मिळणाऱ्या खुणा एकमेकींशी जुळत नाहीत, आणि गिटार कानाशी येण्याऐवजी विरते, डगमगते किंवा एखाद्या स्पीकरला जाऊन चिकटते.

पाच स्पीकरची मांडणी हाताशी असेल तर हे स्वतः अनुभवता येते. डाव्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या स्पीकरमधून एकाच व्यक्तीचे बोलणे समान पातळीवर लावावे, डोळे मिटून समोर तोंड करून बसावे आणि आवाज जिथून येतो असे वाटते तिकडे बोट करावे. मी हे अनेकदा करून पाहिले आहे. बोट कधी पुढच्या स्पीकरकडे झुकते, कधी मागे जाते, आणि बोलणाऱ्याच्या ‘स’ आणि ‘श’ यांचा पोत अगदी किंचित मान हलवली तरी बदलतो. मग डोळे मिटलेलेच ठेवून मान सावकाश सुमारे ७० अंश डावीकडे वळवावी. आता तेच दोन स्पीकर नाकाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी ४० अंशांवर येतात, म्हणजे ती साधी स्टिरिओची जोडी होते. विस्कटलेला आवाज एकाएकी गोळा होतो आणि माणूस नाकासमोर उभा राहतो. स्पीकर हललेले नसतात, पातळीही बदललेली नसते.

म्हणूनच सराउंड मिक्स ऐकताना माझे लक्ष सर्वप्रथम ड्रमकडे जाते. टॉम ड्रमची, म्हणजे ड्रमसंचातल्या लहानमोठ्या ढोलांची, एक फेरी समोरून डाव्या बाजूने मागे नेली असेल, तर ती सलग वळणासारखी ऐकू येण्याची शक्यता फार कमी असते. ती पुढच्या स्पीकरवरून मागच्या स्पीकरवर उडी मारते. जाणता अभियंता ही उडी गृहीत धरून काम करतो. तो एक टॉम पुढच्या स्पीकरवर आणि दुसरा मागच्या स्पीकरवर असा ठामपणे ठेवतो, किंवा फेरी इतकी जलद ठेवतो की कानाला मधली जागा तपासण्याची उसंतच मिळत नाही. हे भान नसलेला अभियंता संगणकाच्या पडद्यावरच्या, आवाजाची दिशा ठरवणाऱ्या वर्तुळात ठिपका बाजूला सरकवतो आणि आवाजही तिथे गेला असे मानतो. दोघांचे मिक्स कागदावर सारखे दिसतील, पण कानाला त्यांतला फरक काही सेकंदांत कळतो.

रॉक संगीताला या अडचणीतून सोडवणारी एक गोष्ट त्याच्या परंपरेतच आहे. विकृत, खरखरीत रिदम गिटार बहुतेक वेळा दोनदा किंवा चारदा वेगवेगळी वाजवून मुद्रित केली जाते. वादक तोच, सूर तेच, पण प्रत्येक वेळचा आघात काही मिलिसेकंदांनी मागेपुढे पडतो आणि तारेचे कंपनही वेगळे असते. एकच ट्रॅक चार स्पीकरांत घातला तर लहरी एकमेकींत मिसळून एकच डळमळीत स्रोत तयार होतो, आणि श्रोता अर्धा मीटर मागे सरकला की तो सगळाच्या सगळा मागच्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. आधी पोहोचलेल्या लहरीला मेंदू प्राधान्य देतो हे हेल्मुट हास यांनी, आणि स्वतंत्रपणे हान्स वालाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९४९ साली दाखवून दिले होते. याउलट चार वेळा वाजवलेली गिटार चार कोपऱ्यांत ठेवली, तर तिचे चार स्रोत चारच राहतात आणि श्रोता त्यांनी वेढला जातो. सराउंड मिक्समध्ये गिटारींची खरी भिंत उभी राहते ती अशी.

गायनाची परीक्षा वेगळी आहे. स्टिरिओमध्ये मध्यभागी भासणारा गायक दोन स्पीकरांतून येतो, आणि प्रत्येक कानात दूरच्या स्पीकरची लहर ०.२६ मिलिसेकंद उशिरा पोहोचत असल्याने सुमारे १९०० ते २००० हर्ट्झपाशी दोन्ही लहरी एकमेकींना काटतात. शब्द स्पष्ट ऐकू येण्यासाठी हाच भाग महत्त्वाचा असतो. मधल्या स्पीकरमधून एकट्याने येणाऱ्या आवाजात हा खळगा नसतो. त्यामुळे स्टिरिओसाठी ठरवलेले इक्वलायझेशन, म्हणजे मंद्र-तार भागांच्या पातळीतले फेरफार, तसेच्या तसे उचलले, तर गायक पुढे घुसल्यासारखा आणि बँडपासून तुटलेला वाटू शकतो. ज्या मिक्समध्ये गायन डोळ्यांत भरणाऱ्या दिव्यासारखे समोर टांगलेले असते, तिथे मला पहिला संशय याच गोष्टीचा येतो.

दिशेविषयीच्या या चर्चेत एका फसव्या दाव्याचाही समाचार घ्यायला हवा. हेडफोनवर ऐकण्यासाठी ‘८डी ऑडिओ’ या नावाने गाणी पसरवली जातात, आणि त्यांनी मेंदूचे दोन्ही भाग जागे होतात, चिंता दूर होते असेही सांगितले जाते. अवकाशाला मिती तीनच आहेत. त्या गाण्यांत बहुधा तयार स्टिरिओ गाणेच एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे फिरवलेले असते आणि त्यावर प्रतिध्वनीचा थर चढवलेला असतो. ड्रम, बास आणि गायन यांना वेगळी जागा देणे तिथे शक्यच नसते, कारण ते सर्व आधीच एकत्र मिसळून गेलेले असतात. ज्या व्यक्तीला खरोखर चिंतेचा आजार आहे, तिला असल्या गाण्याचा उतारा सुचवणे मला गैर वाटते.

प्रत्यक्ष पारख करताना दोन पथ्ये पाळणे आवश्यक आहे. पहिले पथ्य पातळीचे. स्टिरिओ आणि सराउंड यांची तुलना करताना एखादा जरी एक डेसिबेलने मोठा असेल, तरी तो ‘मोठा’ न वाटता ‘अधिक चांगला’ वाटतो. त्यामुळे दोन्हींची पातळी मोजून समान करणे ही पहिली पायरी आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रमाणित मापनपद्धतीत मागच्या दोन चॅनलना सुमारे दीड डेसिबेल अधिक वजन दिले जाते, कारण बाजूने येणारा आवाज कानात अधिक जोराने शिरतो. केवळ पाचही स्पीकरची वीज मोजून बरोबरी केली, तर मागे भरपूर आवाज ठेवणाऱ्या मिक्सला नकळत झुकते माप मिळते. मागून जास्त म्हणजे चांगले, या समजाला इथूनही खतपाणी मिळत असावे.

दुसरे पथ्य खर्जाचे. ५.१ मधला ‘.१’ हा फक्त खालच्या खर्जासाठी राखलेला, सुमारे १२० हर्ट्झपर्यंतचा चॅनल असून तो इतरांपेक्षा १० डेसिबेल अधिक पातळीवर वाजेल असे गृहीत धरलेले असते. ही मांडणी चुकली तर दोष खोलीचा असतो आणि बोल मिक्सला लागतो. पण एक दोष निःसंशय मिक्सचाच असतो. हेच ध्वनिमुद्रण दोन स्पीकरांवर ऐकवले जाते तेव्हा तो चॅनल सामान्यतः गाळला जातो. किक ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, खालचा दणका अभियंत्याने केवळ त्याच चॅनलवर ठेवला असेल, तर तिथे ठोक्याचा टक् एवढाच आवाज उरतो आणि ड्रमचे पोट नाहीसे होते. म्हणून मी सबवूफर, म्हणजे खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर, बंद करून किमान एक गाणे पूर्ण ऐकतो. पुढच्या स्पीकरांतून किकला पुरेसे वजन असेल, तरच सबवूफर पुन्हा चालू करून मागच्या गिटारींकडे लक्ष देतो.