ब्रेक ऑइल की गिअर ऑइल? मागचा ड्रम ओला निघाला तर आधी हे ठरवा

माझी जिप्सी 1998 ची. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, त्यानंतर दर 5 वर्षांनी पासिंग. त्या हिशेबाने 2023 ची तिची तिसरी खेप, आणि त्या खेपेला ती ब्रेकवर नापास झाली. मागचं डावं चाक धरतच नव्हतं. घरी आणून ड्रम काढला तर लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) चिंब आणि बॅकप्लेटवर, म्हणजे ड्रममागच्या पत्र्यावर, काळा चिखल.

असाच चिखल चार महिन्यांपूर्वी एका गॅरेजवाल्याने पाहिला होता. त्याने व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणारा भाग) आणि लायनर बदलून दिले. पैसे गेले, ओल परत आली. कारण सिलिंडर चांगलाच होता.

या ड्रममध्ये दोन ठिकाणांहून तेल येऊ शकतं. व्हील सिलिंडरचे रबरी कप गेले तर ब्रेक ऑइल, आणि एक्सलचा, म्हणजे चाकाच्या दांड्याचा, ऑइल सील गेला तर हाऊसिंगमधून (एक्सलच्या लोखंडी आवरणातून) वाहत आलेलं गिअर ऑइल. लायनरची धूळ मिसळली की दोन्ही सारखीच काळी दिसतात. नुसत्या नजरेवर विसंबून सामान आणायला धावू नका.

बोटावर घ्या आणि वास घ्या. गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र वास एकदा नाकात बसला की विसरत नाही, आणि ते दाट, चिकट लागतं. ब्रेक ऑइल पातळ असतं. तरी शंका उरली तर वाटीभर पाण्यात थोडं टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, गिअर ऑइल वर तरंगतं. माझ्या वाटीत सप्तरंगी तवंग पसरला आणि चार महिन्यांचा घोळ तिथेच मिटला. हाताला लागलेलं ब्रेक ऑइल मात्र लगेच धुवा, गाडीच्या रंगावर सांडलं तर रंगही उचलतं.

ओल कुठून सुरू झाली तेही बघा. सिलिंडर वरच्या बाजूला असतो. त्याचं रबरी बूट जरा मागे सारलं आणि आत ओलं असलं तर दोष त्याचा. मधोमध, एक्सलच्या भोवतीपासून तेल बाहेर फेकलं गेलं असेल तर सील. बॉनेटखालच्या डबीतली ब्रेक ऑइलची पातळी हा अर्धाच पुरावा, कारण लायनर झिजले तरी ती थोडी खाली जाते. डिफरन्शियलचा (हाऊसिंगच्या मधल्या गोळ्याचा) तेल भरायचा फिलर बोल्ट काढून बोट घाला, तेल बोटाला लागलं पाहिजे. नाही लागलं तर संशय सीलवर.

सिलिंडरचं काम घरी होतं. पाईप सोडायचा, मागचे बोल्ट काढायचे, नवा बसवायचा आणि ब्रेकच्या पाईपमध्ये शिरलेली हवा काढायची. हवा काढायला पेडलवर दुसरं माणूस लागतं. आमच्याकडे मुलगी बसते. "दाब… धर… अजून सोडू नकोस," असं चालतं. कप साफ करायला पेट्रोल-डिझेल अजिबात वापरू नका, रबर फुगतं. गिअर ऑइलनेही फुगतं, म्हणून सील फुटलेला असला तरी सिलिंडर उघडून बघावाच.

सीलचं काम मोठं. तेल काढून एक्सल बाहेर ओढावा लागतो, त्यामुळे गाडी नुसत्या जॅकवर नाही, पक्क्या स्टँडवरच हवी. बेअरिंगही आवाज करत असेल तर ते वर्कशॉपला प्रेसवरच करून घ्या, घरी हातोडीने ठोकू नका.

सील बदलण्याआधी हाऊसिंगवरचा ब्रिदर मात्र तपासा. ही बारीकशी नळी मातीने बुजली की गरम झालेल्या हाऊसिंगमधल्या हवेला वाट राहत नाही, आणि ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. ओढ्यातून गाडी घातली तर उलटं होतं: हाऊसिंग झटकन थंड होऊन पाणी आत खेचलं जातं आणि तेल दुधाळ होतं. माझा ब्रिदर ठार बंद होता. तो तसाच ठेवून सील बसवला असता तर तोही गेला असता.

तेल प्यायलेले लायनर धुऊन परत लावू नका. वरून कोरडे दिसतात, पण तापले की पुन्हा तेल सोडतात. आणि बदलायचे तर दोन्ही चाकांचे, नाहीतर ब्रेक असमान लागतील. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. धूळ हवेने उडवू नका, पाण्याने ओली करून पुसा.

सगळं जोडून शंभरेक किलोमीटर गाडी चालवली आणि पुन्हा पासिंगला नेण्याआधी डावा ड्रम परत काढून बघितला. आत कोरडं होतं.