एम४२ आट्यांच्या लेन्स

एम४२ आट्यांच्या लेन्स : ४२ मिमी. व्यासाच्या व १ मिमी. पीचच्या (लगतच्या आट्यांमधील अंतराच्या) आट्यांवर फिरवून कॅमेऱ्याला बसविण्याच्या, हाताने फोकस करावयाच्या लेन्स. मूळच्या ३५ मिमी. फिल्म कॅमेऱ्यांसाठी बनविलेल्या या लेन्स अ‍ॅडॉप्टर (जोडकडी) लावून डिजिटल एसएलआरवरही (आरशाने लेन्समधलेच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांवरही) वापरतात. व्यास तोच पण पीच ०.७५ मिमी. असलेले टी-माउंट (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते ती जोडणी) वेगळे. दोन्हींची गल्लत होते, आणि अशी लेन्स जोर लावून फिरवली की आटे जातात.

उगम : याविषयी मतभेद आहेत. झाइस इकॉनचा काँटॅक्स एस आणि कामेरा-वेर्कश्टेटनचा प्रॅक्टिका हे दोन्ही कॅमेरे जर्मनीतील ड्रेस्डेनचे, दोन्ही साधारण १९४९ चे आणि दोन्हींवर हेच आटे. कामेरा-वेर्कश्टेटनच्या आधीच्या प्राक्टिफ्लेक्सवर (१९३९) ४० मिमी.चे आटे होते. त्यांचाच व्यास वाढवून हे आटे आले, असे एक मत आहे. दुसरे मत श्रेय झाइसला देते व आराखडा १९३८ पर्यंत मागे नेते. एकाच शहरातल्या शेजारी कारखान्यांत अशी देवाणघेवाण अशक्य नव्हती. पण युद्धापूर्वी हे आटे असलेला कॅमेरा विक्रीला आल्याचे दिसत नाही. म्हणून प्रत्यक्ष वापराची सुरुवात १९४० च्या दशकाच्या अखेरीस धरणे अधिक सुरक्षित. ‘प्रॅक्टिका आटे’ आणि १९५७ च्या आसाही पेंटॅक्सनंतर रूढ झालेले ‘पेंटॅक्स आटे’ ही नावे खपावरून पडली; उगमाचा पुरावा म्हणून ती वापरू नयेत. पेंटॅक्सने १९७५ मध्ये के बायोनेट (आट्यांऐवजी थोडे वळवून अडकवायचे माउंट) स्वीकारले. सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्यांची हेलिओस-४४ (५८ मिमी., एफ/२) ही या कुळातील बहुधा सर्वांत परिचित लेन्स, तिची रचना झाइसच्या बायोटार लेन्सवरून घेतलेली आहे.

माउंट-अंतर : लेन्स कोणत्या कॅमेऱ्यावर चालेल हे आट्यांपेक्षा माउंटपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतच्या अंतरावर ठरते. एम४२ मध्ये ते ४५.४६ मिमी. आहे. कॅनन ईओएसमध्ये ते ४४ मिमी. असल्याने १.४६ मिमी. जाडीची कडी मधला फरक नेमका भरून काढते. पेंटॅक्स केमध्ये अंतर तेच राखले आहे, त्यामुळे अ‍ॅडॉप्टर माउंटच्या आतच बसतो. निकॉनमध्ये मात्र ४६.५ मिमी. अंतर आहे, लेन्स सेन्सरपासून लांब पडते आणि दूरचे दृश्य फोकसमध्ये येत नाही. त्यावर भिंग घातलेले अ‍ॅडॉप्टर मिळतात, पण त्यांनी प्रतिमा मऊ पडते. साध्या कडीने जवळचीच छायाचित्रे घेणे त्यापेक्षा बरे. कॅनन ५डीसारख्या पूर्ण आकाराच्या (३५ मिमी. फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरच्या कॅमेऱ्यात काही लेन्सचा मागचा भाग आरशाला लागतो.

अ‍ॅपर्चर : अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधील प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफ-आकडा जितका मोठा तितके ते लहान. बऱ्याच लेन्सच्या मागे एक पिन असते. ती दाबलेली नसेल तर अ‍ॅपर्चर उघडेच राहते. लेन्सवर ऑटो-मॅन्युअल बटण (पिन न दाबताही अ‍ॅपर्चर मिटवणारे) नसल्यास पिन दाबणारी कड असलेला अ‍ॅडॉप्टर लागतो. मग अ‍ॅपर्चर कायम निवडलेल्या आकड्यापर्यंत मिटलेल्या स्थितीत राहते आणि एफ/८ ला व्ह्यूफाइंडर काळवंडतो. कॅमेऱ्याला एफ-आकडा कळत नाही, तरी कॅनन व पेंटॅक्सवर अ‍ॅपर्चर-प्राधान्य पद्धतीत शटरवेग ठरतो.

फोकस : खरी अडचण इथे येते. जुन्या कॅमेऱ्यांत दुभंगलेली प्रतिमा जुळवून फोकस साधत. डिजिटल एसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधील फोकसचा पडदा मंद (कमी प्रकाश आत घेणाऱ्या) झूम लेन्ससाठी उजळ केलेला असतो व साधारण एफ/२.८ पेक्षा उथळ फोकस दाखवत नाही. एफ/१.४ ला डोळ्याला नेमका वाटलेला फोकस छायाचित्रात चुकलेला निघतो तो यामुळे, आणि दोष लेन्सला दिला जातो. काही कॅमेऱ्यांत पडदा बदलता येतो. अन्यथा तिपाईवर लाइव्ह व्ह्यूमधील (कॅमेऱ्यामागच्या स्क्रीनवरील) दहापट मोठी प्रतिमाच विश्वासार्ह.

जतन : जुन्या ५० मिमी. एफ/१.४ सुपर-टाकुमार या पेंटॅक्स लेन्सच्या एका प्रकारात थोरियमयुक्त (किरणोत्सारी) काच आहे. ती काळाने पिवळी पडते; अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवल्यास पिवळेपणा बराच उतरतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मोठा शत्रू बुरशीचा. तिचे तंतू काचेवरील लेपावर व पुढे काचेवरही कायमचे ओरखडे पाडतात, म्हणून लेन्स कातडी पेटीत न ठेवता सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवतात आणि पावसाळ्यात जेल वरचेवर तापवून कोरडे करतात.