लाकडी खुंटी

लाकडाचे दोन भाग खिळा किंवा स्क्रू न वापरता जोडण्यासाठी, अथवा खाचेत बसवलेले कुसू (लाकडाच्या टोकाला घडवलेली जीभ) जागच्या जागी आवळण्यासाठी ठोकलेली, सर्वत्र सारख्या जाडीची गोल काडी. फर्निचरच्या धंद्यात आणि हार्डवेअरच्या दुकानांत तिला हल्ली सर्रास डॉवेल म्हणतात. प्रस्तुत नोंदीत सातारा व सांगली जिल्ह्यांतील सुतारकाम नजरेसमोर ठेवून ही खुंटी हाताने घडवण्याच्या कृतीचा मुख्यतः विचार केला आहे.

‘खुंटी’ हा शब्द ‘खुंट’ या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप असून त्याचा माग प्राकृतातील ‘खुंट’पर्यंत लागतो. त्यामागे मात्र वाट स्पष्ट नाही. संस्कृत कोशांत हत्ती बांधण्याच्या खांबाला ‘क्षोड’ असा शब्द मिळतो आणि अर्थाच्या दृष्टीने तो जवळचाही आहे. परंतु त्यापासून खुंट साधायचा तर अनुस्वार आणि ‘ट’ या दोहोंची संगती लावावी लागते, व ती समाधानकारक रीतीने लागत नाही. त्यामुळे हा शब्द देशी मानणे अधिक सुरक्षित वाटते. समानार्थी ‘मेख’ हा शब्द फार्सीतून आलेला आहे, तर ‘खिळा’ संस्कृत ‘कील’शी जोडला जातो. अर्थात खिळा आज धातूचाच समजला जातो. मूळ ‘कील’ला मात्र लाकूडही चालत असे.

प्राचीन ईजिप्तमधील लाकडी सामानात सांधे खुंट्यांनी आवळलेले आढळतात. त्यावरून ही युक्ती निदान साडेचार हजार वर्षांची जुनी असावी. कृष्णाखोऱ्यात वाई-मेणवली परिसरातील अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील वाडे हा सागवानी सांगाड्याच्या बांधणीचा ठळक नमुना होय. बलुतेदार सुताराचे रोजचे काम मात्र वाड्यापेक्षा शेतीच्या अवजारांचे असे. जुवाच्या शिवळा (बैलाच्या मानेशेजारच्या खुंट्या), आसाची कुणी (चाक निसटू नये म्हणून लावलेली मेख), नांगराच्या पाचरी ही सगळी खुंटीचीच भावंडे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगराचा प्रसार वाढत गेला, तसे यांतील बरेच काम सुताराच्या हातून निघून गेले.

खुंटीसाठी बाभूळ, धावडा, शिसव यांसारखे कठीण व चिवट लाकूड घेतात. चौकटीच्या सांध्यांत कळकाची मेखही चालते. लाकडाच्या जातीपेक्षा ते कसे काढले याला अधिक महत्त्व आहे. करवतीने कापलेल्या काडीत लाकडाच्या तंतूंच्या रेषा तिरक्या जाऊन बाजूला फुटतात आणि ठोका बसताच काडी तेथेच तुटते. वाकसाने (लाकूड तासण्याच्या हत्याराने) किंवा पटाशीने फोडलेल्या काडीत मात्र रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात. विकतची यंत्रावर काढलेली काडी दिसायला गुळगुळीत असली, तरी तिच्याबाबत ही खात्री नसते, आणि खुंटी घरी करण्याचे खरे कारण हेच आहे. दुसरी अट वाळवणीची. लाकूड वलयांना समांतर दिशेने जितके आटते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने आटते. म्हणून ओली असताना गोल केलेली खुंटी वाळल्यावर लंबगोल होते. काड्या आधी जाड फोडून, पूर्ण वाळू देऊन मगच गोल कराव्या लागतात.

गोल करण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे भोकांची पोलादी पट्टी. सुमारे ६ मिमी जाड पट्टीत १२, ११, १०, ९, ८ आणि ६ मिमी अशी उतरती भोके पाडतात. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा यासाठी उत्तम. मात्र तो आधी भात्यावर लाल करून राखेत हळूहळू थंड होऊ द्यावा लागतो, एरवी त्यात ड्रिल शिरत नाही. प्रत्येक भोक खालच्या अंगाने निमुळत्या रीमरने (भोक रुंदावण्याच्या हत्याराने) किंचित रुंद करतात आणि पट्टीचा वरचा पृष्ठभाग दगडावर घासून सपाट करतात, म्हणजे भोकाची वरची कड पटाशीच्या धारेसारखी होते. ८ मिमी खुंटीसाठी सुमारे १० मिमी चौरस काडी घेऊन तिचे कोपरे उतरवतात, एक टोक पेन्सिलीसारखे करतात आणि मोगरीने (लाकडी हातोड्याने) ठोकत ती आधी ९ व मग ८ मिमी भोकातून काढतात. लोखंडी हातोडीने काडीचे डोके फुलते. ठोका सरळ बसत असेल तर भोकाभोवती सालपटांची कुरळी झालर सारखी उमटते. एकाच बाजूला भुसा साचू लागला की काडी कलली असे समजावे. शेवटचा तुकडा पुढच्या काडीने खाली ढकलतात. वीतभराहून लांब काडी या रीतीने काढताना वाकते. लांब काड्यांसाठी पटाशी बसवलेल्या ठोकळ्यातून ड्रिलने काडी फिरवतात. भोकाच्या कडेशी टोकदार स्क्रू किंचित आत येईल असा बसवल्यास खुंटीवर पन्हळ पडते व सांध्यातील हवा आणि जादा सरस तिच्यातून बाहेर निघतो.

फळीच्या जाडीच्या एक तृतीयांश ते निम्मी जाडी खुंटीला पुरते. १८ मिमी फळीस ६ किंवा ८ मिमी. वेज (खुंटीसाठी पाडलेले भोक) एकूण खुंटीच्या लांबीपेक्षा २ मिमी जास्त खोल ठेवतात. कुसवातील वेज त्याच्या खांद्याकडे (कुसू जेथून सुरू होते त्या पायरीकडे) १ ते १.५ मिमी सरकवून पाडल्यास खुंटी ठोकताना सांधा आपोआप ओढला जातो आणि सरसाची गरजही फारशी राहत नाही.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांच्या खुंट्या निमुळत्या असून केवळ घर्षणावर टिकतात. म्हणून खुंटीचा व वेजाचा उतार तंतोतंत एक असावा लागतो, आणि खुंटी सरकू लागली तर तिला खडू लावतात.

या कामाची बाकीची हत्यारे किरकोळ असून घरीच होतात : बाभळीची मोगरी, ड्रिलवर खोलीची खूण म्हणून चढवलेला भोकाचा ठोकळा, आणि सारख्या लांबीचे तुकडे कापण्यासाठी काटकोनी खाच पाडलेला लाकडी तुकडा. हातड्रिल येण्यापूर्वी वेज सामत्याने (भोके पाडण्याच्या सुताराच्या जुन्या हत्याराने) पाडीत.