कैद्याची दाढी आणि ‘सुरक्षेचे कारण’

अमेरिकेतील तुरुंगांबाबत एक समज फार दिवसांपासून फिरतो आहे: शिक्षा लागली की धर्मस्वातंत्र्य संपते, आणि प्रशासनाने ‘सुरक्षा’ हा शब्द उच्चारताच कैद्याला दाढी उतरवावीच लागते. हे खरे नाही. २००० साली तेथील संसदेने केलेल्या कायद्यानुसार, केंद्रीय निधी घेणाऱ्या तुरुंगाला कैद्याच्या धर्माचरणावर मोठा भार टाकायचा असेल, तर त्यामागे अत्यंत निकडीचे शासकीय हित आहे आणि ते साधण्याचा याहून कमी जाचक मार्ग नाही, हे दोन्ही सिद्ध करावे लागते.

‘होल्ट विरुद्ध हॉब्स’ खटल्यात, धर्माचरण म्हणून अर्धा इंच दाढी ठेवू पाहणाऱ्या मुस्लिम कैद्याला मनाई करणारा आर्कान्सा राज्याच्या तुरुंगांचा नियम याच कसोटीवर कोसळला. अर्धा इंच दाढीत निषिद्ध वस्तू लपवता येतील, असे राज्याचे म्हणणे होते. पण तेच राज्य त्वचाविकार असलेल्यांना पाव इंच दाढी ठेवू देत होते, आणि डोक्यावरच्या केसांत अधिक लपवता येत असूनही कोणाचे सक्तीने मुंडण होत नव्हते (इतकी साधी विसंगती सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावी लागली, हे नवलच). २० जानेवारी २०१५ रोजी न्यायालयाने एकमताने कैद्याच्या बाजूने निकाल दिला. अर्थात, यामुळे कोणत्याही लांबीच्या दाढीला सरसकट मुभा मिळालेली नाही; श्रद्धेच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याची वा ठोस धोका दाखवून देण्याची वाट प्रशासनाला खुली आहे.