महापौर की आयुक्त, मुंबईत नक्की चालतं कोणाचं?

आमच्याकडे गटार तुंबलं की सोसायटीवाले नगरसेवकाकडे धावतात, तो लेटरहेडवर पत्र देतो आणि ते पत्र जातं वॉर्ड ऑफिसरकडे, म्हणजे आयुक्तांच्याच माणसाकडे. थेट महापौरांना गाठलंत तरी तेच, अर्जावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा पडतो नि कागद पुन्हा आयुक्तांकडे. न्यूयॉर्कचा मेयर आपल्या खात्यांचे कमिशनर स्वतः नेमतो, इथे कमिशनर राज्य सरकार पाठवतं. हे कुठून आलं ते बघायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

1858 पासून तीन कमिशनर मिळून शहर बघायचे आणि तिघांच्या कारभाराचं जे होतं ते झालं. म्हणून 1865 च्या कायद्याने सगळा कारभार एकाच कमिशनरच्या हातात दिला, पहिला आर्थर क्रॉफर्ड. गडी कामाचा, रस्ते, गटारं, साफसफाई आणि ते मार्केट (आता महात्मा फुले मंडई, पण टॅक्सीवाल्याला क्रॉफर्ड मार्केटच सांगावं लागतं). पण हात फारच सैल. त्यात त्याच वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, त्या युद्धामुळे वधारलेल्या मुंबईच्या कापसाचा फुगा फुटला, शहरातले भलेभले शेठ बुडाले आणि हा मात्र खर्च करतच राहिला. लक्ष ठेवायला सरकारने नेमलेली शहरातली प्रतिष्ठित मंडळी, म्हणजे जस्टिस ऑफ द पीस होते, त्यांनी काय लक्ष ठेवलं देव जाणे. 1871 पर्यंत करदाते इतके भडकले की क्रॉफर्डला जावं लागलं.

आता खरी गंमत. सगळे म्हणत होते कमिशनरचे अधिकारच काढा, आणि 26 वर्षांचे बॅरिस्टर फिरोजशहा मेहता भर सभेत उलटं बोलले. कामं करायला एकच जबाबदार माणूस हवा, चूक कमिशनर ठेवण्यात नाही, त्याच्यावर नजर ठेवणारे लोकांनी निवडलेले नाहीत ही चूक आहे, असा त्यांचा मुद्दा. लोकांना अजिबात आवडलं नाही. पण 1872 चा कायदा बराचसा त्याच वळणाने गेला, 64 सदस्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे आणि कमिशनर कायम.

मग आला मुंबई महापालिकेचा 1888 चा कायदा, जो आजही लागू आहे. त्याचं कलम 64 वाचा, कार्यकारी अधिकार आयुक्तांचे. पैशाच्या चाव्या मोजक्या नगरसेवकांच्या स्थायी समितीकडे, म्हणून खरी मारामारी महापौरपदापेक्षा स्थायीच्या खुर्चीसाठी. महापौर हे नाव तर 1931 मध्ये आलं, तोवर नुसता अध्यक्ष. साताऱ्याहून पेशव्यांना वस्त्रं यायची आणि कारभार पुण्यातून चालायचा, तसंच काहीसं, फक्त इथे वस्त्रं घालणारा एक आणि कारभार बघणारा दुसरा.

बदलायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. कोलकात्यात 1984 पासून मेयर-इन-कौन्सिल आहे, तिथे महापौर छोट्या मुख्यमंत्र्यासारखा. आपल्याकडे 1998 मध्ये मुंबई आणि नागपुरात तसंच करून बघितलं, 1999 मध्ये गुंडाळलं. कुठल्याही पक्षाचं राज्य सरकार असो, आपला आयुक्त पालिकेत असणं सोयीचंच, हे माझं मत. नगरसेवकांनी पाच अष्टमांश मतांनी ठराव केला तर आयुक्त हटवता येतो म्हणे, पण 2016 मध्ये नवी मुंबईत आयुक्त तुकाराम मुंढेंविरुद्ध अविश्वास ठराव मोठ्या बहुमताने पास झाला तरी ते तिथेच राहिले, बदली झाली ती पुढच्या वर्षी.

आणि बजेट? दिल्लीत अर्थमंत्री मांडतो, मुंबई पालिकेत आयुक्त मांडतात आणि निवडलेले लोक त्यावर चर्चा करतात. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक जानेवारी 2026 पर्यंत लांबली, तोवर आयुक्तच प्रशासक होते. म्हणजे त्या काळात आयुक्तांच्या प्रशासनाने बनवलेलं बजेट, मंजुरी द्यायलाही आयुक्तच, आणि बाहेर दारात फिरोजशहांचा पुतळा उभा.