डिओच्या डब्यामागची बारीक अक्षरे

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या पुढे गेला की सकाळी मारलेला डिओ दुपारपर्यंत टिकत नाही. मग लोक पुन्हा फवारतात, आणि दर्प जायच्या ऐवजी वासात वास मिसळतो. कारण काखेतल्या ताज्या घामाला जवळपास वास नसतोच. कोरिनेबॅक्टेरियम, स्टॅफिलोकोकस होमिनिस असे त्वचेवरचे जिवाणू त्या घामातले पदार्थ फोडतात आणि उग्र वासाची आम्ले व गंधकाची संयुगे तयार करतात. गंधकाची संयुगे तर अगदी कणभर असली तरी नाकाला झोंबतात.

म्हणून डबा घेताना मागची यादी वाचावी. घटक साधारणपणे जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात. १ टक्क्याहून कमी असलेले मात्र कसेही मागेपुढे येऊ शकतात. यादीत अल्कोहोल, ब्युटेन-प्रोपेनसारखा गॅस आणि सुगंध एवढेच दिसले तर तो निव्वळ डिओ. अल्कोहोल काही जिवाणू मारतो, सुगंध उरलेला दर्प झाकतो, घाम येतच राहतो. ट्रायइथाइल सायट्रेट जिवाणूंच्या विकरांना (एन्झाइम्सना) आळा घालते, झिंक रिसिनोलिएट दर्पाचे रेणू धरून ठेवते. ही दोन नावे दिसली तर डिओ नुसता वास झाकणारा नाही, हे ओळखावे.

ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट असेल तर गोष्ट वेगळी. ते अँटिपर्स्पिरंट, म्हणजे घामच अडवणारे. हा क्षार घामनळीच्या तोंडाशी जेलसारखे बूच तयार करतो. बहुतेकांची चूक इथेच होते: आंघोळ झाली की ओल्या काखेवर रोल-ऑन फिरवतात आणि लगेच उन्हात बाहेर पडतात. बूच बसायच्या आतच घाम ते वाहून नेतो. रात्री झोपताना, काख कोरडी पुसून, पातळ थर लावावा आणि वाळू द्यावा. रात्री घाम कमी येतो, बूच नीट बसते आणि सकाळच्या आंघोळीनेही सगळे निघून जात नाही. घाम अडवला तर उष्माघात होईल, ही भीती नको. अंगभर २० ते ४० लाख घामग्रंथी असतात, काखेतल्या त्यातल्या थोड्याच. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

तुरटी हासुद्धा ॲल्युमिनियमचाच क्षार आहे, त्यामुळे तुरटीचा खडा ‘ॲल्युमिनियममुक्त’ म्हणून विकणे चुकीचे. घाम रोखण्यात ती कमजोर, पण जिवाणूंना आवरते आणि स्वस्त पडते. धुतलेल्या ओल्या काखेवर खडा फिरवून वाळू द्यावा. नुकताच वस्तरा फिरवलेल्या काखेवर झोंबते. खाण्याचा सोडा मात्र लावू नये. त्वचेचा सामू (पीएच) ५ च्या आसपास, सोड्याचा ८ च्या वर. रोज लावला तर काख लाल होते, सोलवटते.

आता सुगंध. यादीत ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ हा एकच शब्द असतो, पण त्यामागे अनेक रसायने असू शकतात. युरोपात २००५ पासून ॲलर्जी करणारे २६ सुगंधी घटक ठरावीक प्रमाणापुढे नावानिशी लिहावे लागतात. २०२३ मध्ये ही यादी ८० च्या पुढे नेली. आपल्याकडच्या डब्यावरही लिनालूल, लिमोनीन अशी नावे दिसली तर त्याकडे लक्ष द्यावे. हे दोन्ही घटक हवेशी संयोग पावले की जास्त त्रासदायक होतात. म्हणून अर्धा भरलेला, वर्षानुवर्षे कपाटात पडलेला स्प्रे वापरू नये. लिंबासारखे हलके सुगंध आपल्या उन्हाळ्यात भराभर उडतात. वाळा, चंदन यांतले रेणू जड, म्हणून ते रेंगाळतात. ‘अनसेंटेड’ लिहिलेले असले तरी मूळ वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो. खाज येणाऱ्यांनी ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ शोधावे, आणि तरीही यादी पाहावी. बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाचे तेल असलेले अत्तर मानेला लावून उन्हात गेल्यास काळे डाग पडू शकतात.

नवा डिओ काखेत वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, ७ ते १० दिवस लावून पाहावा. लाली किंवा खाज आली तर तिथेच थांबावे. पाणी टँकरने येत असेल तेव्हाही तांब्याभर पाण्याने आणि थोड्या साबणाने काखा तेवढ्या धुवाव्यात, कारण जिवाणू तसेच राहिले तर वरून कितीही फवारले तरी उपयोग नाही. आणि गॅसचा डबा उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नये: त्यावर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते, आणि मे महिन्यात बंद गाडी ती सहज ओलांडते.